बारा वर्षांच्या गाडीची खडखड: सस्पेन्शनच्या कामानंतरचे आठ महिने

आमची हॅचबॅक 2013 ची, 1 लाख 10 हजार किलोमीटर झालेली. महिन्यातून दोनदा कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जाणं होतं. मागचा पावसाळा सरला आणि पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज यायला लागला. मोठ्या खड्ड्यात काही नाही, पण गल्लीतल्या बारीक खाचखळग्यांवर, पंधरा-वीसच्या वेगाला, डब्यात खिळे हलवावेत तशी खडखड.

पहिल्या गॅरेजवाल्याने गाडी चालवूनही न बघता पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. आठ हजार गेले, आवाज तसाच. काढलेले शॉकअप घरी आणून पाहिले, तर तेलाचा टिपूसही गळलेला नव्हता. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या मेकॅनिककाकांनी मला चालवायला लावलं आणि स्वतः काच खाली करून शेजारी बसले. खडखड सुरू झाल्यावर म्हणाले, "ब्रेकवर नुसता पाय टेकव." ब्रेकचा कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) किंवा पॅड हलत असतील तर एवढ्याने आवाज थांबतो. आमचा थांबला नाही. मग गाडी पिटवर, म्हणजे खालून काम करायच्या खड्ड्यावर, घेतली, चारही चाकं जमिनीवरच. एकच चाक जॅकवर उचललं की स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी कलू न देणारी, दोन्ही चाकांना जोडलेली आडवी दांडी) पिळला जातो, त्याला चाकाकडे जोडणारा लिंक रॉड ताणात राहतो आणि त्याची ढिलाई लपते, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. त्यांनी लिंक रॉड मुठीत धरून हलवला, तर टक्-टक्! मी स्वतः हलवून पाहिला, सांध्यातला खेळ बोटांना लागत होता. ब्रेक मारताना एक 'धप्प' यायचा, तो वेगळा. टॉमी (लोखंडी पहार) घालून लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा भाग, सरकवला, तर त्याच्या मागच्या बुशचं (सांध्यात बसवलेल्या तुकड्याचं) रबर नख शिरेल इतकं फाटलेलं.

दोन्ही लिंक रॉड, दोन्ही लोअर आर्म आणि शेवटी अलाइनमेंट, एवढं काम केलं. आर्मचे बोल्ट त्यांनी गाडी चाकांवर उतरवून मगच पक्के आवळले. चाकं लोंबकळत असताना आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. तुम्हीही उभं राहून एवढं बघाच.

तेव्हापासून सात हजार किलोमीटर झाले, खडखड नाही. घाटातल्या वळणांवर ब्रेक मारला तरी स्टिअरिंग ओढत नाही. फक्त गेल्या महिन्यापासून उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की वरून 'कट्' येतो. बॉनेट उघडून स्ट्रटच्या (स्प्रिंगसकट शॉकअपच्या) डोक्यावर हात ठेवला, तर झटका तिथेच लागतो. म्हणजे स्ट्रट वर जिथे बसतो त्या माउंटचं बेअरिंग. शॉकअप काढले तेव्हाच ते बदलायला हवं होतं. आता त्याच मजुरीचे पैसे पुन्हा द्यायचे आहेत.