योसेमिटी: खालची दरी की वरचं टुआलमी मेडोज?

भारतातून आई-बाबा आले की कॅलिफोर्नियातली मराठी मंडळी त्यांना योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात नेतात आणि बहुतेक जण दरी बघूनच परततात. निव्वळ देखाव्यासाठी तेवढं पुरेसं आहे. पण हिमयुगातल्या बर्फाने काय केलं हे बघायचं असेल, तर माझा कौल उंचावरच्या टुआलमी मेडोज या कुरणांना.

दरीतलं काम भव्य आहे, यात वाद नाही. मर्सेड नदीची घळ हिमनद्यांनी खोल आणि रुंद केली. बाजूच्या दऱ्या तेवढ्या खोदल्या गेल्या नाहीत, त्या वरच लोंबत राहिल्या. अशाच एकीतून ब्रायडलव्हेल धबधबा 189 मीटर कोसळतो. मात्र बाकीचा बराच पुरावा झाकलेला आहे. सपाट तळाखाली काही ठिकाणी सुमारे 600 मीटर गाळ आहे. कड्यांचे पापुद्रे सुटत राहिल्याने बर्फाने आणलेली झिलईही तिथे फारशी टिकली नाही. दरीवरचा हाफ डोम हा अर्धवट घुमटासारखा खडक बर्फाने चिरला, हा तर गैरसमजच. त्याचा माथा बर्फाबाहेरच होता. सरळसोट कडा आला तो खडकातल्या उभ्या भेगांमुळे.

वर मेडोजला सगळं उघड्यावर आहे. तिथला लेम्बर्ट डोम हा खडकाचा घुमट बर्फाखाली पूर्ण बुडाला होता. बर्फ पूर्वेकडून आला, म्हणून ती बाजू घासून उतरती झाली. पश्चिमेचे खडक उपटून नेले, तिथे कडा तयार झाला. भूगोलात शिकलेली मेषशिला ती हीच. चढवत नसेल तर रस्त्यालगतचा पॉटहोल डोम गाठा आणि ग्रॅनाइटवर हात फिरवा. झिलई शाबूत आहे तिथे फेल्डस्पार या खनिजाचे मोठाले स्फटिकसुद्धा खडकाच्या पातळीत घासलेले लागतात. पापुद्रा निघाला आहे तिथे तेच स्फटिक वर येऊन बोटांना टोचतात. सुमारे 20,000 वर्षांपूर्वीचा बर्फ इतका हाताशी मला दरीत कुठेच सापडला नाही.

आता अडचणी. मेडोजला जाणारा टायोगा रोड हिवाळ्यात बंद असतो, बहुधा नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत. तेव्हा दरीशिवाय पर्याय नाही. मेडोज सुमारे 2,600 मीटरवर, दरी 1,200 मीटरवर. सोबतच्या कोणाला दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर दरीच बरी. मे महिन्यात धबधबे भरात असतात, तेव्हाही दरीच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये योसेमिटी फॉल्स बऱ्याचदा आटतो, तेव्हा दीड तास गाडी हाकून वर जा. वाटेत ओल्मस्टेड पॉइंटला थांबा: बर्फाने वाहून आणून टाकलेले धोंडे उतारावर तसेच उभे आहेत. डोमवर सकाळीच चढा. उन्हाळ्यात दुपारी विजा होतात आणि ओल्या झिलईवर पाय ठरत नाही.