फीड रीडर आणि फुकटची वेब टूल्स : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

‘५० भन्नाट फ्री वेबसाइट्स’ छापाच्या याद्या मी आता उघडतही नाही. त्यातून घेतलेलं एकही टूल आज माझ्या वापरात नाही. याउलट ‘अमुक काम अडलं होतं, हे टूल मिळालं, असं वापरलं, इथे फसलं’ असं कुणी ब्लॉगवर लिहिलेलं वाचून जे उचललं, ते बहुतेक सगळं टिकलंय. चांगले लेख शोधणं आणि चांगली टूल्स शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत असं समजून मी सुरुवात केली होती. काही महिन्यांतच कळलं की पहिलं जमलं की दुसरं त्याच्या मागोमाग आपोआप येतं. म्हणून हा अनुभव दोन्हींचा एकत्रच लिहितोय.

आधी फीड रीडर, म्हणजे आवडत्या वेबसाइट्सवरचे नवे लेख एका जागी आणून दाखवणारं अॅप. तो ज्यावर चालतो त्या आरएसएस फीड या तंत्राचं नाव काढलं की लोकांना वाटतं, ते केव्हाच संपलं. असं वाटायला कारणही आहे. गूगल रीडर २०१३च्या १ जुलैला बंद झालं आणि फायरफॉक्सने २०१८च्या शेवटी ब्राउझरमधली फीडची सोय काढून टाकली. पण फीड स्वतः कुठेच गेलेलं नाही. पॉडकास्टचा बहुतेक सगळा डोलारा आजही त्याच्यावरच उभा आहे. जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट्स वर्डप्रेसवर चालतात आणि वर्डप्रेस फीड आपोआप तयार करतं. ब्लॉगर, सबस्टॅक आणि मीडियमही करतात. वेबसाइटवर एक छोटी फाइल असते, तिच्यात ताज्या लेखांची यादी असते आणि आपला रीडर अधूनमधून ती फाइल तपासत राहतो. यंत्रणा एवढीच. ईमेल पत्ता द्यावा लागत नाही, आणि कोणता लेख आधी दाखवायचा हे कुठलंही अल्गोरिदम ठरवत नाही.

बऱ्याच वेबसाइट्सवर फीडचं नारिंगी चिन्ह आता दिसत नाही, त्यामुळे फीड नाहीच असं वाटतं. बहुतेक वेळा असतं. रीडरच्या शोधचौकटीत वेबसाइटचा साधा पत्ता टाकला तरी तो फीड हुडकून काढतो. नाहीच सापडलं, तर वर्डप्रेस आणि सबस्टॅकच्या बाबतीत पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन फीड हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाकून बघायचा. यूट्यूबच्या चॅनेललाही फीड असतं, म्हणजे लॉगिन न करता आणि शिफारशींच्या भोवऱ्यात न सापडता फक्त नवे व्हिडिओ कळतात. माझ्यासाठी ही अनपेक्षित भेट होती.

आता याचा तोटा. फीडमध्ये फक्त शेवटचे काही लेख असतात, वर्डप्रेसवर मूळ सेटिंगनुसार दहा. एखाद्याचा दहा-बारा वर्षं जुना ब्लॉग सापडला, तर त्याचं जुनं लिखाण रीडरमध्ये येत नाही, ते तिथे जाऊनच वाचावं लागतं. काही वेबसाइट्स फीडमध्ये दोनच ओळी देतात आणि पुढचं वाचायला बोलावून घेतात. आणि बातम्यांच्या वेबसाइट्स फीडमध्ये टाकूच नयेत, असं माझं स्पष्ट मत झालंय. दिवसाला शेकडो मथळे येऊन पडतात आणि ज्या माणसाने तीन महिन्यांनी एक सुंदर लेख लिहिला, तो त्यांच्याखाली गाडला जातो. आरएसएसची खरी ताकद अशा क्वचित लिहिणाऱ्यांसाठीच आहे. मराठी ब्लॉगच्या बाबतीत तर फारच. वर्ष-दीड वर्ष शांत असलेला ब्लॉग अचानक जागा होतो आणि आपल्याला ते त्याच दिवशी कळतं. बुकमार्क करून ठेवलेल्या ब्लॉगवर इतक्या निष्ठेने कोण जाऊन बघतंय?

न वाचलेल्या लेखांचा आकडा मात्र पहिल्याच आठवड्यात लपवा. तो दिसत राहिला की वाचन म्हणजे ऑफिसातली थकलेली कामं वाटायला लागतात.

ब्लॉग सापडतात कुठे, हा खरा प्रश्न. पूर्वी स्टंबलअपॉन होतं, बटण दाबलं की कुठलंतरी अनोळखी पान समोर यायचं. ते २०१८ मध्ये बंद झालं. तशी मजा आज कागी स्मॉल वेबवर मिळते. कागी या सर्च इंजिनवाल्यांनी २०२३ मध्ये ते सुरू केलं. ते फुकट आहे, खातं लागत नाही. लोकांच्या वैयक्तिक ब्लॉगची एक खुली यादी आहे आणि त्यातला कुठलातरी ताजा लेख समोर येतो. रोज नाही, पण डोकं शिणलं की मी पाच-सात वेळा ‘पुढचा’ दाबतो. चार लेख निरुपयोगी निघतात आणि पाचवा असा निघतो की त्या लेखकाचं फीड लगेच रीडरमध्ये जातं. मर्यादा उघड आहे : जवळजवळ सगळं इंग्रजी आणि त्यातही प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांचा भरणा.

मार्जिनालिया हे स्वीडनमधून चालणारं छोटं सर्च इंजिन याहून निराळं. जाहिरातींनी आणि स्क्रिप्टनी लगडलेली पानं ते मागे ढकलतं, मजकूर जास्त असलेली साधी पानं पुढे आणतं. नेमकं उत्तर हवं असेल तर तिथे जाऊ नका, हाती काही लागणार नाही. पण ‘घड्याळ दुरुस्ती’, ‘जुने नकाशे’, ‘पुस्तकबांधणी’ असा ऐसपैस विषय इंग्रजीत टाकला तर पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणी हौसेने उभारलेली पानं वर येतात. नेहमीच्या सर्चमध्ये ती मला कधीच दिसली नव्हती.

गूगलही अगदीच हातचं गेलेलं नाही. २०२४ मध्ये त्यांनी ‘वेब’ नावाचा गाळणीचा पर्याय दिला. तो निवडला की वरचे चौकोन, व्हिडिओ, एआयची उत्तरं बाजूला होतात आणि नुसत्या लिंक उरतात. इंग्रजी ‘बिफोर’ (before), कोलन (:) आणि साल असं मध्ये जागा न सोडता शोधाच्या शेवटी जोडलं तर त्या सालाआधीचीच पानं येतात. यंत्राने लिहून ओतलेल्या लेखांचा सुळसुळाट झाल्यापासून मी हे सर्रास वापरतो. स्वयंपाक असो की सायकल, २०२० च्या आधीचं शोधलं की निदान माणसाने लिहिलेलं मिळण्याची शक्यता वाढते.

यातलं सगळ्यात फळलं ते मात्र सर्च नाहीच. एका लेखकाचा लेख आवडला की त्याने लेखात कुणाकुणाच्या लिंक दिल्यात ते बघायचं, आणि कडेला ‘मी काय वाचतो’ अशी यादी असेल तर ती उघडायची. ज्याची रुची आपल्याशी जुळते, त्याने आपल्या वतीने आधीच निवडानिवड करून ठेवलेली असते. माझ्या रीडरमधले निम्म्याहून अधिक ब्लॉग या वाटेने आले आणि टूल्सही तिथूनच.

टूल्सच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न एकच झालाय : माझी फाइल जाते कुठे? ‘फुकट’ या शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. काही टूल्स फाइल त्यांच्या सर्व्हरवर चढवून घेतात, तिथे काम करतात आणि परत देतात. काही मात्र पान उघडलं की स्वतःच आपल्या ब्राउझरमध्ये उतरतात आणि फाइल आपल्या कम्प्युटरच्या बाहेर जातच नाही. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. ओळखायची सोपी पद्धत अशी : पान पूर्ण उघडू द्यायचं, मग वाय-फाय बंद करायचं आणि एखादी बिनमहत्त्वाची फाइल टाकून बघायची. काम झालं, तर प्रक्रिया आपल्याकडेच होतेय. फारच संशय असेल तर हे प्रायव्हेट खिडकीत करायचं आणि नेट पुन्हा लावण्याआधी ती बंद करून टाकायची.

हा उगाच केलेला बाऊ नाही. २०२५च्या मार्चमध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने फुकट फाइल-कन्व्हर्टरबद्दल इशारा दिला होता. काही वेबसाइट्स फाइल बदलून देतात खऱ्या, पण सोबत मालवेअर चिकटवतात किंवा चढवलेल्या कागदपत्रांतली माहिती उचलतात. अनोळखी पीडीएफ वेबसाइटवर आपलं ओळखपत्र चढवणाऱ्यांनी क्षणभर थांबावं.

या चाचणीत उतरलेली आणि वापरात राहिलेली टूल्स मोजकी आहेत. फोटो लहान करायला स्क्वूश. डावीकडे मूळ, उजवीकडे आकसलेला फोटो आणि मध्ये सरकवायची रेघ. वेबपी किंवा एव्हीआयएफ या फोटो-फाइलच्या प्रकारांत फोटो किती बारीक होतो आणि नेमका कुठे बिघडतो, ते डोळ्यांना दिसतं. गूगलच्याच क्रोमच्या मंडळींनी ते बनवलंय. मोठ्या कंपन्यांचे असे प्रयोग कधी वाऱ्यावर सोडले जातील याचा नेम नसतो, एवढी एक धाकधूक आहे.

फोटोपीया हे फोटो-संपादनाचं त्याहून मोठं प्रकरण. लेयर, मास्क, फोटोशॉपच्या पीएसडी फाइल्स, सगळं ब्राउझरमध्ये. कडेला जाहिराती असतात, खर्च त्यातून निघतो, ते मला चालतं. कुणाची भाकरी कुठून येते हे समोर दिसलेलं बरं. अधूनमधून काम असणाऱ्याला हे पुरून उरतं. भल्यामोठ्या फाइलवर जुना कम्प्युटर धापा टाकतो, कारण सगळा भार आपल्याच यंत्रावर असतो.

आकृत्यांसाठी एक्सकॅलिड्रॉ. खातं नाही, पान उघडा आणि काढा. रेघा हाताने काढल्यासारख्या येतात, त्यामुळे कच्चा विचार कच्चाच दिसतो आणि समोरचा बिनधास्त बदल सुचवतो. एकत्र काम करताना आकृती कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होऊन जाते; त्या कुलपाची किल्ली दिलेल्या लिंकमध्ये हॅश (#) चिन्हानंतरच्या भागात असते आणि ब्राउझर तो भाग सर्व्हरला पाठवतच नाही. म्हणजे आकृती त्यांच्या सर्व्हरवरून गेली तरी त्यांना वाचता येत नाही. दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. चित्र ब्राउझरच्या साठवणीत राहतं, तेव्हा ब्राउझर साफ केला की तेही गेलं. फाइल वेगळी उतरवून ठेवायची सवय लावा. आणि देवनागरी लिहिली की ते हस्ताक्षरी वळण येत नाही, साधा फॉण्ट दिसतो.

सगळ्यात गमतीचं टूल सायबरशेफ. जीसीएचक्यू या ब्रिटिश गुप्तहेर संस्थेने २०१६ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. एन्कोड केलेला मजकूर उलगडणं, तारखांची रूपं बदलणं, लांबलचक मजकुरातून ईमेल पत्ते वेगळे काढणं, अशा शेकडो क्रिया एकापुढे एक लावता येतात. चालतं ब्राउझरमध्येच, आणि अख्खं टूल उतरवून नेटशिवायही वापरता येतं. हेरांनी दिलेलं टूल आपल्याकडून काहीच मागत नाही आणि साधी पीडीएफ जोडून देणारी वेबसाइट मात्र ईमेल मागते!

मराठी पीडीएफमधून मजकूर काढायच्या बाबतीत मला मनासारखं फुकट टूल अजून मिळालेलं नाही. कॉपी केलं की वेलांट्या आणि जोडाक्षरं जागा सोडून पळतात, मग बसून दुरुस्ती. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं कशी मांडायची ते लिहिलेलं असतं, मूळ अक्षरांचा क्रम सांभाळलेला असेलच असं नाही, त्यामुळे टूलला तरी किती दोष देणार.

सापडलेलं टिकवायचं कसं, हा वेगळाच धडा पॉकेट बंद झाल्यावर मिळाला. २००७ पासून लोक त्यात लेख साठवत होते, २०१७ मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलाने ते घेतलं आणि २०२५च्या ८ जुलैला बंद केलं. प्यू रिसर्च या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये मोजून सांगितलं होतं की २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणजे लेख साठवणारी जागा जाते आणि खुद्द लेखही जातो. तेव्हापासून माझी पद्धत अगदी बाळबोध आहे. एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिंक, तारीख आणि हा लेख का ठेवला ते एका ओळीत. त्यातलं खरंच मोलाचं पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ‘सेव्ह पेज नाऊ’ने जतन करून टाकायचं. ती ‘का’ची ओळ लिहायचा कंटाळा आला, तर तो लेख ठेवायची गरज नव्हती असं समजतो. यादी त्यामुळे आटोक्यात राहते.

मोबाइलवर यातलं अर्धंच सुख आहे. वाचन उत्तम होतं, पण फोटोपीयासारखी टूल्स छोट्या पडद्यावर हाताळणं जिकिरीचं आहे. ती मी कम्प्युटरसाठीच राखून ठेवली आहेत.

रीडर कुठला घ्यावा? अॅपलची उपकरणं असतील तर नेटन्यूजवायर. फुकट, मुक्त स्रोत, खातं लागत नाही. अँड्रॉइडवर त्याच धर्तीचं फीडर नावाचं अॅप आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन-तीन उपकरणं असतील तर फीडली किंवा इनोरीडर. त्यांच्या फुकट आवृत्तीत अनुक्रमे १०० आणि १५० फीड बसतात, तेवढे कुणी मनापासून वाचत असेल असं मला वाटत नाही. काहीही घेतलंत तरी सेटिंगमध्ये ओपीएमएल फाइल उतरवायची सोय आहे ना, ते आधी बघा. त्या एका फाइलमध्ये तुमची सगळी यादी असते आणि ती उचलून दुसऱ्या कुठल्याही रीडरमध्ये टाकता येते. सुरुवातीला पाचच ब्लॉग घाला, एकही बातम्यांचा नको, आणि महिनाभर सहावा शोधायला जाऊ नका. तो त्या पाचांपैकी कुणाच्यातरी लेखातल्या लिंकवरून येईल.