तोरणमाळचं पठार की पाटणादेवीचा कण्हेरगड?

पायी फिरून जिथून निघालो तिथेच, पण वेगळ्या वाटेनं परत यायचं, हाच बेत असेल तर माझं उत्तर तोरणमाळ. पाटणादेवी मला तितकीच प्रिय आहे, पण तिथे जाण्याची कारणं वेगळी आहेत.

तोरणमाळ सातपुड्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटरवर. शहाद्याहून पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आणि सात पायरीचा घाट चढला की चढाईचं काम गाडीनंच उरकलेलं असतं. वर पठार आहे, त्यामुळे पाय मोकळे चालतात. यशवंत तलावाचा काठ धरायचा, गोरखनाथाचं दर्शन घ्यायचं, कमळ तलावाकडे वळायचं आणि सीताखाईच्या कड्यावर थांबून परतायचं. सीताखाईपाशी घाई करू नका. आतापर्यंत सपाट वाटणारी जमीन तिथे एकाएकी संपते आणि काळ्या कातळाची खोल दरी उघडते. पावसाळ्यात दरीत धबधबा कोसळत असतो, पण धुकं दाटलं की कडा दिसत नाही. अशा वेळी स्थानिक माणसाला सोबत घ्याच. इथल्या पाड्यांवरच्या भिल्ल आणि पावरा मंडळींना या वाटा पाठ आहेत. खडकी पॉइंटची उतराई याच दिवसात कोंबू नये, ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी. महाशिवरात्रीला गोरखनाथाची मोठी यात्रा भरते. शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा.

पाटणादेवीला पोचणं मात्र फार सोपं. मुंबई-भुसावळ रेल्वेमार्गावर चाळीसगावला उतरायचं, पुढे अठराएक किलोमीटर. चंडिकेच्या, म्हणजेच पाटणादेवीच्या देवळापासून वाट जंगलात शिरते. कण्हेरगडाची चढण खडी आहे. वाटेत नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी अशी लेणी आहेत. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ उभारला, अशी नोंद इथल्याच पाटण गावच्या शिलालेखात आहे. गणिताचं हे नातं मनात ठेवून तिथे फिरण्याचा आनंद तोरणमाळला मिळत नाही. पण गडावरून उतरायचं ते बहुधा चढलेल्याच वाटेनं, म्हणून फेरीची मजा इथे अर्धीच.

पाटणादेवीचा हा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. वन खात्याच्या नाक्यावर नोंद करा आणि अंधारापूर्वी बाहेर पडा, बिबट्याचा वावर आहे. जोराच्या पावसात ओढे झपाट्यानं चढतात. ऑगस्ट २०२१ मध्ये डोंगरी आणि तितूर नद्यांच्या पुरानं चाळीसगावात हाहाकार उडवला होता. म्हणून पाणी चढत असेल तर ओढा ओलांडायचाच नाही.

एकच दिवस हाताशी असेल आणि रेल्वेनं यायचं असेल, तर पाटणादेवी. श्रावण संपता संपता जा, हिरवाई टिकलेली असते. घरातली वडीलधारी किंवा लहान मुलं सोबत असतील तर तोरणमाळच, आणि तिथे एक मुक्काम कराच. उन्हाळ्यात तर प्रश्नच नाही. खाली खान्देश चाळिशीपार तापलेला असताना वर रात्री पांघरूण लागतं. भाकरी, ठेचा आणि भरपूर पाणी घेऊन निघा, आणि परतीच्या एसटीची वेळ शहाद्यातच विचारून ठेवा.