नाटकाच्या प्रकाशवाल्याने बघितलेला गेममधला उजेड: आरटीएक्स ४०६० आणि रे रिकन्स्ट्रक्शन

वीसेक वर्षं मी गावच्या उत्सवी नाटकांची प्रकाशयोजना करतो. फोंड्याला राजीव गांधी कला मंदिरात स्पर्धेची नाटकंही केली, पण जीव रमतो तो जत्रेच्या रात्री, देवळाच्या मंडपात, सहा पार कॅन (डब्यासारखे स्टेजचे दिवे) आणि उजेड कमीजास्त करणारा एक डिमर घेऊन. त्यामुळे भाच्याने नवा कॉम्प्युटर जुळवला आणि 'मामा, ह्यातला उजेड बघ' म्हणून मला पुढ्यात बसवलं, तेव्हा मी खेळ बघितलाच नाही. उजेडच बघत बसलो. त्याला आता दीड महिना झाला.

त्यातलं पडद्यावरचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं जीफोर्स आरटीएक्स ४०६०, ८ जीबी मेमरीचं. फोंड्यात तीस हजारांच्या आसपास मिळालं. गेम सायबरपंक २०७७, पाथ ट्रेसिंग (उजेडाच्या किरणांची वाट मोजून चित्र काढणं) चालू, पडदा १०८०पी, म्हणजे १९२०×१०८० पिक्सेलांचा.

आमच्या जुन्या घरात दुपारी ओसरीवर ऊन येत नाही, तरी वरचे वासे तांबूस दिसतात. बाहेरच्या चिऱ्याच्या गडग्यावर पडलेलं ऊन उसळून आत येतं आणि येताना चिऱ्याचा रंग घेऊन येतं. रंगमंचावरही हिरव्या शालूची झाक शेजारी उभ्या असलेल्या पात्राच्या गालावर उतरते, आणि ती मारायला मला वेगळा दिवा लावावा लागतो. गेममध्ये हा उसळलेला उजेड बहुतेक वेळा आधीच हिशेब करून भिंतींवर चिकटवलेला असायचा. दिवा हलला की सोंग उघडं पडायचं.

पाथ ट्रेसिंगमध्ये प्रत्येक पिक्सेलमधून किरण सोडतात. तो कशावर आपटला, तिथून कुठे उसळला, शेवटी दिव्यापर्यंत पोचला का, हे मोजतात. त्यामागचं गणित जेम्स कजिया यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं. अडचण वेळेची. किरण कमी सोडले तर चित्र रव्यासारखं कणीदार दिसतं, आणि ही कणी निम्मी करायची तर किरण चौपट लागतात. सिनेमावाले एका फ्रेमला तासन्‌तास देऊ शकतात. गेमला सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि १०८०पीचे पिक्सेल २० लाखांवर. म्हणून पिक्सेलमागे मोजकेच किरण सोडायचे आणि उरलेला उजेड ताडायचा.

हे ताडण्याचं काम आधी माणसांनी लिहिलेले नियम करायचे. सावलीला एक गाळणी, प्रतिबिंबाला दुसरी, उसळलेल्या उजेडाला तिसरी. शेजारचे पिक्सेल मिसळायचे, मागच्या फ्रेममधलं उसनं घ्यायचं. त्यात बारकावे धुऊन निघत. डीएलएसएस म्हणजे एनव्हिडियाचं, कमी पिक्सेलांचं चित्र काढून ते मोठं करणारं तंत्र. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या ३.५ आवृत्तीबरोबर रे रिकन्स्ट्रक्शन आलं आणि या सगळ्या गाळण्यांच्या जागी एकच न्यूरल नेटवर्क बसलं. असंख्य चित्रांवर शिकवलेलं हे नेटवर्क कणीदार चित्र, मागच्या फ्रेम आणि कुठली वस्तू किती सरकली याची नोंद घेतं, आणि कुठली कणी खरा उजेड व कुठली नुसता गोंगाट हे ठरवतं. २०२५ मध्ये आतलं मॉडेल बदलून 'ट्रान्सफॉर्मर' पद्धतीचं (विजेचा नव्हे, न्यूरल नेटवर्कचाच एक नवा प्रकार) केलं. मी बघितलं ते हे नवं.

माझी पहिली परीक्षा ब्लॅकआउटची. नाटकात ब्लॅकआउट म्हणजे एका क्षणात काळोख. फिलामेंट अर्धा सेकंद लाल राहिलं तरी मला खुपतं. गेममध्ये लुकलुकणारी ट्यूब शोधली आणि खोलीच्या कोपऱ्याकडे बघत राहिलो. रे रिकन्स्ट्रक्शन बंद असताना ट्यूब विझल्यावरही भिंतीवर उजेड रेंगाळतो, कारण तो मागच्या फ्रेममधून उसना घेतलेला असतो. चालू केल्यावर भिंत ट्यूबबरोबर विझते. मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण असं टायमिंग साधायला मला तालमी घ्याव्या लागतात.

दुसरी परीक्षा ओल्या रस्त्याची. निऑन पाट्यांची अक्षरं डबक्यात वाचता येतात, आणि गाडीच्या हेडलाइटचा झोत रस्त्यावर कडेसकट पडतो. सावल्या पायाशी गडद आणि लांब जाताना विरळ होतात. खऱ्या दिव्याखाली अगदी अशाच पडतात.

आता वेगाचं. नुसतं पाथ ट्रेसिंग लावलं तर हे कार्ड सेकंदाला विसाच्या आसपासच फ्रेम देतं, खेळणं अशक्य. डीएलएसएस 'परफॉर्मन्स' या सेटिंगवर ठेवलं की चाळिशी ओलांडते, कारण तेव्हा आतलं चित्र फक्त ९६०×५४० चं, म्हणजे पाव पिक्सेलांचं असतं. वेग मिळतो तो या अपस्केलिंगमुळे, म्हणजे लहान चित्र मोठं करण्यामुळे. रे रिकन्स्ट्रक्शन त्या तुटपुंज्या किरणांतून उजेड वाचवतं. दुकानात ही दोन्ही कामं एकच म्हणून सांगतात, ती वेगळी समजून घ्या. पाव पिक्सेलांत दूरची जाळी, केस, बारीक तारा मात्र थोड्या वितळतात. त्यावर इलाज मोठ्या कार्डाचाच. फ्रेम जनरेशन लावून आकडा आणखी वाढतो, पण मधल्या फ्रेम ताडलेल्या असतात आणि बटण दाबल्यापासून हालचालीपर्यंतचा उशीर वाढतो. भाच्याला ते चालतं, मी बंद ठेवतो.

कार्ड ११५ वॅटपर्यंत वीज घेतं. माझा एक पार कॅन १००० वॅट खातो. पावसात आमच्याकडे दिवसातून चारदा लाइट जाते, त्यामुळे यूपीएस मात्र बरोबरच घ्या.

मेमरी ८ जीबी या गेमला पुरते, पण काठोकाठ. पाथ ट्रेसिंगसाठीच घेणार असाल आणि ऐपत असेल तर १२ जीबीचं बघा. जुनं आरटीएक्स २० मालिकेचं कार्ड असेल तर लगेच टाकू नका. रे रिकन्स्ट्रक्शन त्यावरही चालतं, फक्त नवं मॉडेल त्याला जड जातं.

यंदाच्या जत्रेच्या नाटकात समईच्या उजेडातला एक प्रवेश आहे. गेममधल्या एका देव्हाऱ्यापाशी मेणबत्त्यांचा उजेड मागच्या भिंतीवर कसा चढतो ते मी वहीत काढून ठेवलं आहे. दोन नंबरचा दिवा या वेळी खाली, जमिनीलगत लावून बघणार आहे.