संस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याला प्रक्रिया-तत्त्वज्ञानाचा हा ठोकळा कितपत कामाचा?

'द ऑक्सफर्ड हँडबुक ऑफ प्रोसेस फिलॉसॉफी अँड ऑर्गनायझेशन स्टडीज' (२०१४) हे सहाशेहून अधिक पानांचं पुस्तक. प्रक्रिया-तत्त्वज्ञान म्हणजे जग तयार वस्तूंचं नव्हे, सतत घडत राहणाऱ्या प्रक्रियांचं बनलंय असं मानणारा विचार; हे पुस्तक तो संस्थांच्या अभ्यासाला लावतं. संपादक चार: जेनी हेलिन, टोर हेर्नेस, डॅनियल ह्योर्थ आणि रॉबिन होल्ट. एका प्रकरणात एक विचारवंत, लाओ झी आणि हेरॅक्लिटसपासून थेट स्लोटरडाइकपर्यंत. सलग वाचायला घेतलंत तर लाइब्निझपर्यंतच दमछाक होते. एखाद्या कंपनीचा, बँकेचा किंवा विद्यापीठाचा इतिहास हातात असेल, तर आधी चारच प्रकरणं वाचा: जॉर्ज हर्बर्ट मीड, आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड, आन्री बर्गसाँ, पॉल रिकर, चौघेही विसाव्या शतकात लिहिणारे तत्त्वज्ञ. याच क्रमाने.

मीड पहिला, कारण जुनी दप्तरं चाळणाऱ्याला तोच सर्वात आधी लागतो. त्याची कालविषयक व्याख्यानं तो गेल्यावर, १९३२ साली छापली गेली. त्याचं म्हणणं असं: घटना घडून गेली, ती आता पुसता येत नाही, पण ती नेमकी काय होती, हे प्रत्येक वर्तमान नव्याने ठरवतो. समजा, दोन संस्थांचं विलीनीकरण झालं. त्या वर्षीच्या इतिवृत्तात जुन्या कर्जांवरून वाद दिसतो, रौप्यमहोत्सवी अंकात तोच निर्णय 'एकमताने' झालेला असतो, आणि सुवर्णमहोत्सवात त्याची 'दूरदृष्टी' होते. नेहमीची पद्धत म्हणजे इतिवृत्त खरं धरायचं आणि बाकीचे दोन अंक बाजूला टाकायचे. पण त्यांत खोटेपणा असला तरी तोही पुरावाच आहे, फक्त विलीनीकरणाचा नव्हे, अंक निघाला त्या वर्षांचा. म्हणून कागदांची नोंद ठेवायला एक तक्ता करा आणि त्यात प्रत्येक कागदासाठी दोन तारखा वेगळ्या नोंदवा, घटनेची आणि कागद तयार झाल्याची. शेजारी तीन रकाने: कागद कोणासाठी, त्यात कुठला भूतकाळ पुढे केलाय, कुठल्या भविष्याचं आश्वासन आहे. दोन तारखा एकाच रकान्यात कोंबल्या की पुढचं सगळं विश्लेषण बिघडतं, आणि ते लक्षात येतं लेखन निम्मं झाल्यावर.

व्हाइटहेडचा लोक सर्वाधिक गैरवापर करतात. 'सगळं प्रवाही आहे' एवढंच उचलायचं आणि लेखाला तत्त्वज्ञानाची झालर लावायची! सगळंच वाहतं म्हटल्यावर तुलना कशाशी करणार? १९२९ च्या त्याच्या मुख्य ग्रंथाचा रोख उलटा आहे: जे टिकतं ते पुनःपुन्हा घडत राहतं म्हणून टिकतं. तेव्हा संस्थेत बदल शोधण्याआधी पुनरावृत्ती शोधा. अंदाजपत्रकाचा नमुना, मासिक बैठक, बढतीचा अर्ज. या गोष्टी कोण, कशाच्या जोरावर दरवर्षी पुन्हा घडवून आणतं? 'संस्कृती बदलली' असं वाक्य मसुद्यात आलं की थांबा आणि कर्ता कोण ते लिहा. कर्ता सापडत नसेल, तर अमूर्ताला वस्तू समजण्याची जी चूक व्हाइटहेड दाखवतो, तीच तुमच्या हातून होतेय.

बर्गसाँचा उपयोग मर्यादित, पण नेमका आहे: घड्याळाचा काळ आणि जगलेला काळ, म्हणजे माणसाला प्रत्यक्ष जाणवतो तो, यांतला फरक. रिकर काळ आणि गोष्ट सांगणं यांच्या नात्यावर लिहितो, म्हणून तो शेवटी, लेखनाला बसताना. गोष्ट कुठे सुरू करायची, यावरच ती उत्कर्षाची होणार की पडझडीची, हे बरंचसं ठरतं.

या पुस्तकाची खरी उणीव पद्धतीची. विचार हातात येतो, पण सोमवारी सकाळी कागदांच्या गठ्ठ्याचं काय करायचं, ते कळत नाही. त्यासाठी सोबत दोन लेख ठेवाच. संस्थांच्या अभ्यासक ॲन लँगली यांचा १९९९ चा लेख प्रक्रियेच्या सामग्रीवर, म्हणजे गोष्टी काळानुसार कशा घडत गेल्या याच्या नोंदींवर, काम करण्याचे सात मार्ग देतो. त्यातला कालखंड पाडण्याचा मार्ग इतिहासाला जवळचा. फक्त खंड दशकांनुसार किंवा अध्यक्षांच्या कारकिर्दींनुसार पाडू नका, कामकाजाची घडी जिथे मोडली तिथे पाडा. दुसरा रोलिन्सन, हॅसर्ड आणि डेकर यांचा, २०१४ चा. तो संघटनात्मक इतिहासाचे चार प्रकार वेगळे करतो, त्यामुळे आपण नक्की कुठला लिहितोय हे आधीच ठरवता येतं.

प्रकरणांचा दर्जाही सारखा नाही. काहींत विचारवंत भरपूर आणि संस्था नावापुरती. अख्खं पुस्तक वाचनालयाने घ्यावं. स्वतःपुरतं म्हणाल, तर इंटरनेटवर प्रकरणं सुटी वाचता येतात. वरची चार पुरेत, आणि फ्रेंच विचारवंत मिशेल फूकोबद्दल आधीच ओढ असेल तर त्याच्यावरचं पाचवं.