मेंदूचं सुटं होणारं मॉडेल: आतल्या भागासाठी घ्याच

मी सांगलीत फिजिओथेरपीच्या मुलांना शिकवते. हे मॉडेल मिरजेतल्या एका मेडिकल साहित्याच्या दुकानातून घेतलं.

बाहेरच्या वळ्या ठीकठाक. पैसे वसूल होतात ते आतल्या भागात. कॉडेट न्यूक्लियस, म्हणजे हालचालींशी संबंधित मेंदूच्या आतला पेशींचा गोळा, अख्खा बाहेर निघतो: पुढे जाड डोकं, मागे निमुळती होत खाली वळून परत पुढे येणारी शेपटी, तिच्या टोकाशी अमिग्डाला, म्हणजे भावनांशी संबंधित बदामासारखा भाग. पुस्तकातल्या आडव्या छेदात हाच कॉडेट पुढे आणि मागे असा दोनदा दिसतो आणि मुलं गोंधळतात. हातात धरून फिरवला की लगेच उमगतं.

मला सगळ्यात आवडली ती इंटर्नल कॅप्सूल, म्हणजे पेशींच्या गोळ्यांमधून जाणारी मज्जातंतूंची पट्टी. आतल्या बाजूला कॉडेट आणि थॅलॅमस, बाहेरच्या बाजूला पुटामेन आणि ग्लोबस पॅलिडस (हेही असेच आतले पेशींचे गोळे), आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून हातापायांकडे जाणारे तंतू. इथली एखादी बारीक रक्तवाहिनी बंद पडली तरी विरुद्ध बाजूचा हात-पाय दोन्ही का लुळे पडतात, हे पेशंटच्या घरच्यांनासुद्धा यावर बोट ठेवून सांगता येतं. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती थोडी कमी होते, हे मी पाहिलंय.

खटकलं ते एवढंच: सबथॅलॅमिक न्यूक्लियस, म्हणजे थॅलॅमसखालचा छोटा पेशीसमूह, इथे नुसता रंगवलेला ठिपका आहे. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णांत मेंदूला सौम्य वीज देणारी तार, म्हणजे इलेक्ट्रोड, बसवतात ते बऱ्याचदा मेंदूच्या याच भागात. हा भाग सुटा हवाच होता. पुटामेनचं चुंबकही ढिलं निघालं. दुकानदार काकांनी कुरकुर न करता बदलून दिलं, पण घेताना प्रत्येक भाग तिथेच जोडून बघा आणि बिल मागून घ्या.