बेबिंका: खोक्यावर मठ, आत पाचच थर

सावंतवाडीच्या बाजारातल्या एका बेकरीची अर्ध्या किलोची बेबिंका, म्हणजे अंड्याचा बलक आणि नारळाच्या रसाचा गोव्याचा थरांचा गोड पदार्थ. खोक्यावर ननचं चित्र, खाली ठळक अक्षरांत 'मठातली मूळ कृती'.

आधी मठाचं बघू. जुन्या गोव्यातला सांता मोनिका १६०६ साली आर्चबिशप मेनेझिस यांनी स्थापन केला, तो ऑगस्टिनियन नन्सचा. तिथल्याच एका ननने बेबिंका पहिल्यांदा केली ही दंतकथा, खोक्यावर छापायला बरी. बलकाचं गोडधोड मात्र त्याहून जुनं, पोर्तुगालच्या मठांतलं. लिस्बनजवळ ओदिवेलशला राजा दिनिशने १२९५ मध्ये सिस्टर्शियन नन्सचा मठ उभारला. तिथल्या क्विन्स फळाच्या घट्ट वड्या आजही नावाजलेल्या आहेत. पोर्तुगालच्या मठांत अंड्याचं पांढरं कपड्यांना खळ द्यायला जायचं आणि बलक उरायचे, असं सांगतात. पंधराव्या शतकात मदैरा बेटाची साखर येऊ लागली आणि त्या बलकांचं सोनं झालं. नारळाचा रस मात्र आपल्या किनाऱ्याचा.

आता डब्यातला ऐवज. घरच्या प्रमाणात १० बलक, अर्धा किलो साखर, पाव किलो मैदा, दोन नारळांचा जाड रस, जायफळ आणि हात न आखडता तूप. एक डाव पीठ ओतायचं, वरून आच द्यायची, तांबूस झालं की चमचाभर तूप आणि मगच पुढचा डाव. पूर्वी झाकणावर सोडणाचे, म्हणजे नारळाच्या सालीचे, निखारे ठेवत. आता ओव्हनची फक्त वरची कॉइल लावतात. खालचीही लावली तर तळाचा थर चामट होतो.

या बेबिंकेचे थर सात म्हणून विकतात, सुरी घातली की पाच निघतात. खालचे तीन एकमेकांत मुरून एकच जाड थर झालाय. कारण सरळ आहे: मधलं तूप वाचवलं. तूप असेल तर थर बोटाने उलगडतो, इथे फाटतो. जिभेवर मेणासारखा थर राहतो, म्हणजे तुपात वनस्पती तुपाची (डालड्याची) भर असावी. तांबूस रेघाही संशयास्पद, एकसारख्या काळपट. खऱ्या आचेची रेघ कडेला गडद आणि मध्ये फिकी असते. चव वाईट नाही, जायफळ ताजं आहे आणि बलकाचा वास कुठेच येत नाही. रस पातळ घेतलेला नाही, नाहीतर रबरासारखी ताणली असती.

पाचपैकी अडीच. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा नावाची किंमत आता वाढणारच. घेताना कापलेली वडी मागा आणि थर बाजूने मोजा. घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, पण थंड खाऊ नका. तूप गोठतं आणि चांगली बेबिंकाही साबणासारखी लागते. मंद तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं पुरेत.